रक्त न येणारी हिरडी

अमरावतीच्या एका दंत महाविद्यालयात मी गेली बावीस वर्षं काचा करते. काचा करणं हा आमच्या खोलीतलाच शब्द. डॉक्टरांनी कुणाच्या तोंडातून तपासणीसाठी काढलेला मांसाचा कण बाटलीतून माझ्याकडे येतो. मी तो मेणात बसवते, मेणाची वडी घट्ट झाली की यंत्रावर तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते, कोमट पाण्यावर सोडते आणि काचेच्या पट्टीवर अलगद उचलून घेते. मग रंग द्यायचा, वर दुसरी छोटी काच चिकटवायची, की झालं. रोगाचं नाव डॉक्टर लिहितात. काप फाटला, सुरकुतला किंवा रंग उतरला, तर बोलणी मात्र मी खाते. त्यामुळे माझा स्वभाव जरा तिखट झालाय, असं माझं म्हणणं. घरचे म्हणतात, तो आधीपासूनच होता.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी सुजलेल्या हिरडीतल्या रक्तवाहिन्यांचा विषय घेतला. हिरडी सुजली की रक्त येतं, हे ज्याला दात आहेत त्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण ते येतं कुठून आणि काहून, हे इतकी वर्षं हिरड्या कापूनही मी कुणाला विचारलं नव्हतं. आपलं काम काप काढायचं, हिरडीची चौकशी करायचं नाही, असा माझा खाक्या.

या प्रबंधासाठी एक महागडा रंग आला. त्याने बाकी सगळं फिकट निळं राहायचं आणि फक्त रक्तवाहिन्यांच्या भिंती तपकिरी व्हायच्या. पहिली काच मी मायक्रोस्कोपखाली ठेवली ती निरोगी हिरडीची. चार-दोन बारीक तपकिरी कड्या इकडे, दोन तिकडे, मधे मोकळी जागा. दुसरी सुजलेल्या हिरडीची. तिच्यात कड्यांचा नुसता बाजार भरला होता. लहान, मोठ्या, वाकड्या, एकीला खेटून दुसरी. मी विद्यार्थिनीला म्हटलं, "अहो डॉक्टर, हे मोजता मोजता तुमचं लग्नाचं वय निघून जाईल." ती हसली आणि मोजायला बसली.

आमच्या विभागाच्या मॅडमनी मला ते समजावून सांगितलं. त्यांना शिकवायची हौस आहे. ऐकायला विद्यार्थी नसला तर त्या मलाही पकडतात. दाताच्या बुडाशी थर साचतो, त्यात जंतू बसतात. शरीराला तिथे कुमक पाठवायची असते आणि जुने रस्ते पुरत नाहीत. मग जुन्या रक्तवाहिन्यांना फाटे फुटतात, नव्या वाढतात. पण ते सगळं घाईत झालेलं बांधकाम. भिंती पातळ, जोड कच्चे. ब्रश लागला, भाकरीचा कडक पापुद्रा टोचला की फुटतात. मला हे ऐकून उगाच बरं वाटलं. ब्रशवर रक्त दिसलं की आपण शरीराला नावं ठेवतो, आणि ते बिचारं आपल्या परीनं धावाधाव करत असतं.

आजारी हिरड्यांना वऱ्हाडात तोटा नाही. अचलपूरपासून मोर्शीपर्यंतचे लोक आमच्या ओपीडीत रांगा लावून बसलेले असतात. प्रबंधाचं घोडं अडलं ते निरोगी हिरडीपाशी. तुलनेला निरोगी कण हवे होते, आणि धडधाकट माणसाची हिरडी कोण कशाला कापेल? हिरडी ठणठणीत असून दुसऱ्याच कारणाने दात काढायला आलेला माणूस सापडला, तर त्याच्या संमतीने तेवढा कण घ्यायचा. असा माणूस महिना महिना सापडत नव्हता.

तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, "माझी ताई आहे ना!"

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमचं माहेर मोर्शीच्या बाजूचं, फुलं-भाजीवाल्यांचं. मी तीन वर्षांची असताना आई गेली आणि ताईनं मला वाढवलं. ती एकोणीस वर्षांची झाली तेव्हा तिला अकोल्याचं स्थळ आलं. बघायला आलेल्या लोकांसमोर तिनं चहाचा ट्रे खाली ठेवून सांगितलं म्हणे, की ही पोरगी माझ्यासोबत येईल. पाहुण्यांना वाटलं, पोरगी म्हणजे कुणी मोलकरीण असेल. मग मी फ्रॉकाला नाक पुसत पुढे आले. भाऊजींचे वडील मोठ्या मनाचे, म्हणाले, एका घरात दोन आल्या तर फुलं लवकर तोडून होतील. अशी मी बहिणीच्या वरातीत बसून सासरी गेले. माझी शाळा, कॉलेज, हा लॅबचा कोर्स, सगळं ताईच्या शेवंती-झेंडूवर झालं.

आज ताई बासष्टची आहे. अकोल्याच्या बाहेर त्यांचा फुलांचा मळा आहे, घरी मुलगा आहे, सून आहे, पण हार अजून तीच गुंफते. आणि तिचे दात! एकही पडलेला नाही, आणि हिरडीतून रक्त कधी म्हणून कधी आलेलं नाही. मला बाळंतपणात हिरड्यांचा त्रास झाला तेव्हा तीच म्हणाली होती, "तुमच्या त्या पेस्टीनं झालं व हे. माह्या तोंडातून कधी रगत पाह्यलं का?" मी पाहिलं नव्हतं. त्या महिन्यात फुटाणा चावताना तिची वरची दाढ उभी चिरली होती आणि ती काढायचीच होती. मी फोन केला, अमरावतीला ये, आमच्याकडे फुकटात काढून देतो, वर तुझ्या हिरडीचा अभ्यासात नंबर लागेल. तिला या दुसऱ्या गोष्टीचं फार कौतुक वाटलं. येताना इस्त्रीचं लुगडं नेसून आली.

फॉर्म मी भरला. वय, गाव, मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का. तंबाखू, धूम्रपान, मद्य. तिन्ही चौकोनांसमोर मी धडाधड 'नाही'वर खुणा केल्या. ताईला विचारायची गरजच वाटली नाही. जिनं मला वाढवलं, तिची माहिती मला नसणार तर कुणाला?

मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं. ताईच्या हिरड्या घट्ट, फिकट गुलाबी, जरा जाडसर. विद्यार्थिनी कौतुकानं माझ्याकडे बघत होती आणि मी, जशी काही त्या हिरड्या मीच घडवल्या होत्या, तशी उभी होते. मग मॅडमनी खुणा असलेली बारीक सळई घेतली. हिरडी आणि दात यांच्या फटीत ती घालून खोली मोजतात. निरोगी तोंडात ती दोन-तीन मिलिमीटरवर अडते. ताईच्या खालच्या पुढच्या दातांपाशी ती सहापर्यंत गेली, मग सात. रक्ताचा थेंब नाही. मॅडमनी बोटानं दात हलवून पाहिले. चारही दात हलले.

"एक्स-रे काढू," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता, ते मला कळलं.

एक्स-रेत त्या चार दातांभोवतीचं हाड अर्ध्याहून खाली गेलेलं होतं. मॅडम ताईच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"मावशी, तंबाखू खाता का?"

"नाई बाप्पा. आमच्या घरात बाया तंबाखू नाई खात."

"खर्रा? पान?"

"तोंडाले लावत नाई."

"मग दात कशानं घासता?"

"गुडाखूनं."

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गुडाखू म्हणजे तंबाखूची भुकटी आणि गुळाची काकवी एकत्र मळलेला काळा, ओलसर लगदा. छोट्या डबीत मिळतो, बोटावर घेऊन दातांवर घासतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. डबीवर छापलेलं असतं. आमच्याच ओपीडीत गुडाखूवाल्या बायकांच्या तोंडातले कण मी शेकड्यांनी कापले आहेत, त्यांच्या फॉर्मवर 'तंबाखू : होय' असं लिहिलेलं वाचलं आहे. पण ताईचा फॉर्म भरताना माझ्या डोक्यात ते आलंच नाही. आमच्याकडे गुडाखू हे मंजन. तंबाखू ती, जी पुरुष चुन्यासोबत मळतात. मंजनाला व्यसन कोण म्हणेल? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा म्हणून मिरवत होते मी.

दाढ निघाली, तिच्यासोबत हिरडीचा कणही निघाला. तो अभ्यासातून अर्थातच बाद झाला. मॅडमनी सांगितलं, तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आवळल्या जातात. खाली सूज असते, जंतू असतात, हाड झिजत असतं, पण वर रक्त येत नाही. "तुझ्या बहिणीची हिरडी निरोगी नाही गं," त्या म्हणाल्या, "तिचं तोंड बांधलेलं आहे."

तो कण टाकून देणं माझ्या जिवावर आलं. मी त्याची काच केली. हात माझाच, यंत्र रोजचंच, पण तीन काप फाटले. चौथा नीट आला. रंग देऊन पाहिलं तर सुजेच्या पेशींची झुंबड उडालेली, आणि तपकिरी कड्या मोजक्या. ज्या होत्या त्या बारीक, चेपलेल्या. इतक्या गर्दीला एवढेच रस्ते. मी मॅडमना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, एका कापावरून काही सिद्ध होत नाही, उगाच डोक्यात घेऊ नकोस. हे खरं होतं. पण तो काप कुणाचा होता, हे मला विसरता येत नव्हतं.

ठरलं ते असं. दातांच्या मुळांशी साचलेला थर तीन-चार बैठकांत खरवडून काढायचा, गुडाखू सोडायचा, मऊ ब्रशनं दात घासायचे. तसं झालं तर ते चार दात कदाचित राहतील. नाही झालं तर ते जातील, आणि मागून बाकीचेही. पहिल्या दोन बैठका त्याच आठवड्यात झाल्या. ताईची स्थिती म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बिचारी एक दाढ काढायला आली आणि तोंडभर रोग घेऊन निघाली.

निघायच्या दिवशी मॅडमनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. गुडाखू सुटला की काही आठवड्यांत हिरडीतून रक्त यायला लागेल. आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या होतील, नव्या वाढतील, राहिलेल्या सुजेपाशी गर्दी करतील. ते बिघडणं नाही, पण माणूस घाबरतो. तिला आधी सांगून ठेव. मी हो म्हटलं.

आणि मी सांगितलं नाही. घरापासून बसस्टँडपर्यंतच्या अर्ध्या तासात रिक्षात मी ताईला नुसती झापत होते. तुला कळत कसं नाही, दोन पोरांची आजी झालीस, घरात सून आहे, ती काय शिकेल, डबीवर चित्र छापलंय ते दिसत नाही का. ताई पिशवी मांडीवर धरून बसली होती. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. अकोल्याची बस लागलेलीच होती, ती चढली, खिडकीतून म्हणाली, "सोडतो व माय, सोडतो. चिल्लावू नको." बस सुटल्यावर मला विजयी वाटलं.

तिनं खरंच सोडला. पन्नास वर्षांची सवय एका दिवसात सोडून दाखवली. डोकं दुखलं, चिडचिड झाली, पण डबी उघडली नाही. आणि चौथ्या आठवड्यात सकाळीच तिचा फोन आला.

"रगत येऊन रायलं."

"किती?"

"ब्रश लाल होते. थुकलं का लाल. पन्नास वर्षांत नाई आलं, अन् तुह्यं आयकलं तं आलं."

आता सांगायची वेळ होती. पण मी तेव्हा कामावर निघायच्या घाईत, एक हात कुकरवर. मी म्हटलं, ते येणारच, घासत राहा, काही होत नाही. येणारच म्हणजे काय, हे तिला कसं कळावं? तिच्या शेजारणीनं तिला जास्त पटेल असं सांगितलं. गुडाखूनं हिरडी बांधलेली होती, सोडल्यानं ती उकलली, आता दात गळतील. त्यात तर्क होता. डोळ्यांना दिसत होतं तेच ती बाई बोलत होती, आणि मी अमरावतीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते.

त्यानंतर ताई फोन उचलेना. उचलायची सून. "आई मळ्यात गेल्यात." दुसऱ्यांदा, "आई आंघोळीला गेल्यात." तिसऱ्यांदा मी म्हटलं, खरं सांग. सून म्हणाली, "मावशी, डबी परत आनली त्यायनं. रगत थांबलं म्हनतात. तुमाले सांगू नको म्हनल्या."

राहिलेल्या बैठकांची तारीख पुढच्या आठवड्यात होती. ती येणार नाही हे मला कळून चुकलं. रविवारी मी पहिली बस धरली. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. सगळ्या वाटेत मी मनात भाषण जुळवत होते. मुद्दे पाठ केले. हाड, वाहिन्या, निकोटिन, चार दात. एकही मुद्दा तिला सुटू द्यायचा नाही असं ठरवलं होतं.

ताई घरामागे नळापाशी, उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर बसली होती. शेजारी गोणपाटावर शेवंतीचा ढीग. उजव्या हाताचं बोट तोंडात. मला पाहून ती दचकली नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि सुरू झाले, "ताई, तुले मी काय सांगतलं होतं..."

तिनं डावा तळहात वर केला. थांब.

आणि मी थांबले. मी, जिला प्राचार्यही मधे थांबवू शकत नाहीत, ती मी तोंड मिटून तिच्या शेजारी जमिनीवर बसले. बसले, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. असा किती वेळ गेला, माहीत नाही. ती हळूहळू घासत होती, डोळे अर्धवट मिटलेले. घरातून सुनेनं एकदा डोकावलं, ताईचं बोट तोंडात पाहिलं आणि न बोलता मागे फिरली. शेवटी ताई उठली, खळखळून चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि हसली.

"पाह्यलं? अजूनबी चूपच बसली ना तू."

मला आधी कळलं नाही ती काय म्हणते आहे.

"माय गेली तवा मी चौदाची," ती म्हणाली. "तू तीनाची. कडेवरून उतरे नाई. उठलं का बाबाले भाकर, बैलाले पाणी, फुलं तोडा, तुले धुवा. हे आन, ते दे. बाजूच्या काकूनं एक दिवस बोटावर गुडाखू देला. लय गरगरलं मले. पन मी पाह्यलं, तोंडात बोट हाये तोवर कोनी काही सांगत नाई. बोलता येत नाई ना! बाबाबी थांबे. तूबी थांबे. बाजूले बसून अशीच माह्या तोंडाकडं पाहत राहे."

ती पुन्हा क्रेटवर बसली आणि शेवंतीची दोन फुलं उगाच इकडून तिकडे ठेवली.

"दातासाठी नोयतं व ते. बसासाठी होतं."

मला लाज वाटली. ज्या पोरीला अर्धा तास बसायला मिळावं म्हणून तोंडात तंबाखू धरावी लागली, त्या पोरीच्या कडेवर मी होते. तिच्या त्या चार दातांत माझाही हिशेब होता, आणि मी तिला रिक्षात डबीवरचं चित्र दिसत नाही का म्हणून विचारत होते. बसमध्ये पाठ केलेलं भाषण मला आठवेना.

मी म्हटलं, "ताई, तुले रगत येईन हे मले मॅडमनं आधीच सांगतलं होतं. तुले सांगून ठेव म्हने. मी नाई सांगतलं."

"काहून?"

"तुह्यावर चिल्लावत होती ना."

ती माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "मंग आता सांग."

माझ्या फोनमध्ये काचांचे फोटो होते. मी तिला आधी दुसऱ्या कुणाची तरी सुजलेली हिरडी दाखवली, तपकिरी कड्यांनी भरलेली. या कड्या म्हणजे रगताच्या वाटा. दुखतं तिथं शरीर नव्या वाटा काढतं, मदत पोचावी म्हणून. घाईच्या वाटा, म्हणून फुटतात. मग तिची स्वतःची काच दाखवली. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "हे मी?" "हे तू." चष्मा आणायला तिनं मला पिटाळलं आणि चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"म्हंजे मदत येऊनच नोती रायली माह्या हिरडीले," ती म्हणाली.

"नोती येत. तू सोडलं तवा आली."

"अन् मी पुन्हा दार लावलं."

मी मान हलवली. ती म्हणाली, "म्हंजे रगत आलं तवा कुठं हिरडीले समजलं, का आपल्याले दुखते म्हून." मी बावीस वर्षांत यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण ऐकलेलं नाही, मॅडमकडूनही नाही. किती दिवस रक्त येईल, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नक्की नाही सांगता येत, थर निघाला, घासणं नीट झालं की कमी होईल. दात राहतील का, असं विचारलं. मी म्हटलं, तेही नाही सांगता येत. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला दोनदा लागोपाठ माहीत नाही म्हटलं असेन.

तिनं डबी फेकून वगैरे दिली नाही. ती झाकण लावून कमरेच्या पिशवीत ठेवली. "पाहतो मी," एवढंच म्हणाली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती अमरावतीला आली. मी तिला पंधरा दिवस ठेवून घेतलं. गुडाखू पुन्हा सुटला, मधे एकदा घसरली, ते तिनं आपणहून सांगितलं. मी जीभ आवरली. रक्त आलं. यावेळी ती ते रोज सकाळी मला हवामानासारखं सांगायची. आज पुढून आलं, आज डावीकडून आलं, आज कमी आहे. अवघड भलतंच होतं. ब्रश तीन मिनिटांत संपायचा आणि ती उठून उभी राहायची. "काय करू?" मी म्हणायचे, "काही नको. बस." ती म्हणायची, "काहून?" मला काही कारण सुचायचं नाही. कारणाशिवाय बसणं तिला येत नव्हतं. दोन मिनिटं बसायची, मग माझे डाळीचे डबे पुसायला घ्यायची.

चार दातांपैकी एक काढावा लागला. तीन मॅडमनी बारीक तारेनं एकमेकांना बांधले. चार महिन्यांनी सळई घालून मोजलं तेव्हा ती बहुतेक ठिकाणी चारवर अडली, आणि दोनच जागी रक्त आलं. गेलेलं हाड परत येत नाही, मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं, पण हिरडीनं दात धरले आहेत. ताई आरशात बघून म्हणाली, "लाल दिसते आता." लाल नव्हती, गुलाबी होती. पण पन्नास वर्षांच्या फिकटपणापुढे तिला ती लालच वाटणार.

गेल्या महिन्यात मी अकोल्याला गेले होते. न कळवता गेले, हे कबूल करते. संशय माझ्या स्वभावात आहे. मागच्या अंगणात आले तर ताई क्रेटवर बसली होती. फुलांचा ढीग शेजारी तसाच होता. तिच्या तोंडात बोट नव्हतं, ब्रश नव्हता. दोन्ही हात रिकामे, मांडीवर. ती नुसती समोर बघत होती.

घरातून सुनेनं हाक मारली, "आई, जरा इकडं या बरं."

ताई हलली नाही. तोंड उघडून, स्पष्ट, शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांब वं. मी बसेल आहो."

"बरं आई," सून आतून म्हणाली.

मी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच उभी राहिले. ती उठेपर्यंत मीही थांबले.